ईडलिंबातलं लोखंड

फळ जाळलं की मागे काय उरतं, हे मी बावीस वर्षं बघते आहे. किलोभर मोसंबी जाळली तर चमचाभर पांढरी राख उरते. गोडवा, वास, रंग सगळं धुरावाटे जातं. जे जळत नाही तेवढं राखेत राहतं. त्याला खनिजं म्हणतात, म्हणजे कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम अशी. आमच्या लॅबमध्ये लोक ही राख मोजून घ्यायला येतात. मी राख करून देते, मोजणारे वेगळे.

लॅब अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. खाली शर्टाची बटणं बनवणारा गाळा आहे, त्यामुळे आमची जमीन दिवसभर थरथरत असते. वजनाचा काटा थरथरू नये म्हणून तो जाड दगडी फरशीवर बसवलाय. मी घाटकोपरहून येते. आले तेव्हा फक्त काचेची भांडी धुवायला आले होते. पुढे नमुने तयार करण्याचं कामही माझ्याकडे आलं.

भांडी धुणं सोपं वाटतं. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर म्हणतात, घरी पण तेच, तिथे पण तेच. पण घरी भांडं स्वच्छ दिसलं की स्वच्छ. आमच्याकडे दिसण्याला किंमत नाही. नळाच्या पाण्यातही कॅल्शियम असतं. ते भांड्याला चिकटलं तर संत्र्याच्या खात्यावर जमा होतं. म्हणून भांडी आधी साबणाने, मग नळाच्या पाण्याने, मग पातळ ॲसिडात रात्रभर बुडवून, शेवटी तीनदा वाफेच्या, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्याने धुवायची. आतून बोट लावायचं नाही. बोटाच्या घामात मीठ असतं. माझी भांडी वापरून मोजणी चुकली असं बावीस वर्षांत कुणी म्हणालं नाही. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही, इथे लिहून ठेवते.

फळ आलं की धुऊन, पुसून, कापून, बिया काढून त्याचा लगदा करायचा. लगदा मोजून चिनीमातीच्या छोट्या वाटीत घालायचा आणि तव्यासारख्या गरम पत्र्यावर धूर जाईपर्यंत ठेवायचा. मग वाटी विजेच्या भट्टीत. संध्याकाळी लावली की सकाळी राख तयार. ती राख ॲसिडात विरघळवून मॅडम लोक मशीनला देतात. मशीन त्या पाण्याचा फवारा ज्योतीत उडवतं आणि कुठला धातू किती ते सांगतं. पोटॅशियमने ज्योत जांभळट होते, कॅल्शियमने विटकरी. हे बघायला मला अजून आवडतं. काम संपलं असलं तरी मी दोन मिनिटं दारात थांबते.

लोक काय काय घेऊन येतात. एकदा एक माणूस रुमालात अर्धी मोसंबी बांधून आला. त्याच्या वडिलांना दवाखान्याबाहेरच्या गाडीवरचा रस बाधला होता आणि मोसंबीला सुई टोचून गोड केलंय असा त्याचा संशय होता. उरलेली अर्धी कुठे, असं विचारलं तर म्हणाला, ती पुरावा म्हणून घरी फ्रिजमध्ये ठेवली आहे. बोरिवलीचे एक निवृत्त काका फक्त संत्र्याची सालं घेऊन आले होते. गॅलरीतल्या गुलाबाला सालांचं खत घालायचं म्हणून त्यात कॅल्शियम किती ते त्यांना हवं होतं. लॅब चालवणारे आमचे सर म्हणाले, फळही आणलं असतं तर तुलना झाली असती. काका म्हणाले, फळ मी खाल्लं, त्याचं मला कळलं. मी आत भांडी धूत हसत होते. मला लोकांसमोर हसता येत नाही, पाण्याचा आवाज चालू असला की येतं.

पण ही वही काढली ती राणेबाईंच्या लिंबांसाठी. त्यात माझी चूक आहे आणि ती अजून मी कुणाला सबंध सांगितलेली नाही. माझ्या मुलीला, करुणालासुद्धा नाही.

राणेबाई मुलुंडच्या. वडील गिरणीत होते, गाव कुडाळकडे. गावी त्यांची ईडलिंबाची झाडं आहेत. ईडलिंबू म्हणजे मोठ्या आंब्याएवढं, जाड आणि खडबडीत सालीचं लिंबू. लोक त्याचं लोणचं घालतात. राणेबाई आणि त्यांच्या गटातल्या सात बायका त्याचं सरबत करतात. त्यांना बाटलीवर काहीतरी छापायचं होतं, म्हणून त्या पाच प्रकारची फळं घेऊन आल्या: कागदी लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस आणि स्वतःचं ईडलिंबू. पाचांत कोणतं खनिज कशात जास्त ते तपासून द्या, म्हणाल्या. पपनसाला त्या तोरंजन म्हणत. आमच्या प्राजक्ता मॅडमनी ते नाव फॉर्मवर तसंच लिहिलं आणि मग मला येऊन हळूच विचारलं, मावशी, हे कोणतं फळ.

प्राजक्ता मॅडम सव्वीस वर्षांच्या. तोपर्यंत त्या मोजायच्या आणि सही सर करायचे. राणेबाईंचा रिपोर्ट हा त्यांच्या स्वतःच्या सहीचा पहिला असणार होता. सरांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं होतं.

मी फळं कापायला बसले. त्यासाठी आमच्याकडे एक पांढरी सुरी होती, चिनीमातीसारखी, कडक. फळ तिनेच कापायचं असं मला पहिल्यापासून सांगितलेलं होतं. का ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस, चारही झाली. ईडलिंबाच्या सालीत मी सुरी दाबली आणि टक्‌ करून तिचं टोक तुटलं. मग पातं मधूनच गेलं.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी तुकडे कागदात गुंडाळले आणि माझ्या पिशवीत टाकले. सर रागीट नाहीत, पण एखादी वस्तू मोडली की ते चष्मा काढून नुसते बघतात. ते मला सहन होत नाही. दोन दिवसांनी हळूच सांगू, असं मनात ठरवलं. पण ईडलिंबू अर्धवट चिरलेलं समोर होतं.

आमच्या चहाच्या खोलीत एक विळी आहे. दुपारी भेळेसाठी कांदा चिरायला मीच आणून ठेवलेली. ती मी घेतली. हे सांगायला हवं की मी ती निष्काळजीपणे घेतली नाही. साबणाने घासली, वाफेच्या पाण्याने तीनदा धुतली, कोरडी केली. माझ्या हिशेबाने त्या विळीइतकी स्वच्छ विळी मुंबईत नव्हती. पाटावर बसले आणि ईडलिंबं भराभर चिरली. विळीवर हात कसा चालतो ते बाईलाच माहीत. पातं काळं पडलं, ते तर घरीही पडतं. लिंबू चिरलं की विळी काळी होतेच, त्यात मला काही नवल वाटलं नाही. वर आणखी एक केलं. पात्यावरून रस ओघळत होता, तो वाया जाऊ नये म्हणून बोटाला हातमोजा घालून तोही वाटीत निपटून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. चार वाट्यांत पांढरी राख होती. पाचवीतली जरा चहाच्या रंगाची होती. मला वाटलं, ईडलिंबाची राख अशीच असेल. प्रत्येक फळाचं वेगळं असतं.

तिसऱ्या दिवशी प्राजक्ता मॅडम मशीनच्या खोलीतून बाहेर आल्या, चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "मावशी, या ईडलिंबात आयर्न बघा किती आहे. बाकीच्या चारांच्या कितीतरी पट."

आयर्न हा शब्द मला माहीत होता. करुणा तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती, सातवा चालू होता. महापालिकेच्या दवाखान्यात तिचं रक्त कमी भरलं होतं. तिथल्या सिस्टरने लाल गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं की आयर्न आहे, एक दिवस चुकवायची नाही. आमच्याकडे बायका त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या म्हणतात. करुणाला त्या गोळीने मळमळायचं. रोज सकाळी गोळी हातात घेऊन ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच ती बनवली आहे.

मी प्राजक्ता मॅडमना विचारलं, उरलेली ईडलिंबं टाकायची आहेत का. त्या म्हणाल्या, न्या ना, मावशी. सहा होती. त्या संध्याकाळी मी करुणाला सरबत करून दिलं आणि म्हणाले, आता गोळ्या बंद. यात गोळीतलंच असतं, आमच्या मॅडमनी मशीनवर मोजलंय.

करुणा बारावी शिकलेली आहे. एरवी माझं काही ऐकत नाही. मशीनचं नाव काढल्यावर ऐकलं. आनंदाने ऐकलं.

आठ दिवस ती लिंबाचं सरबत पीत होती आणि मी घरात जरा ताठ चालत होते. चौथीतून शाळा सुटलेली बाई आपल्या मुलीला काहीतरी असं देते जे दवाखान्याला माहीत नाही. खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं.

पुढच्या मंगळवारी राणेबाई आल्या. रिपोर्ट टाइप होऊन तयार होता, सही गुरुवारी व्हायची होती. त्यांना आकडे फोनवर कळले होते, म्हणून लेबलाचा नमुना घेऊनच आल्या. आम्हा सगळ्यांसाठी पिशवीभर ईडलिंबं आणली होती. लेबलावर पिवळं लिंबू, खाली मोठ्या अक्षरांत एक शब्द. मी चहा ठेवायला गेले तेव्हा तो वाचला. मला मराठी वाचता येतं, सावकाश येतं. लोहयुक्त, असं लिहिलं होतं.

राणेबाई म्हणाल्या, "विमल, वाच गो. कसा दिसता?"

मी म्हणाले, छान आहे. मग प्राजक्ता मॅडमना हळूच विचारलं, लोह म्हणजे काय हो.

"लोह म्हणजे आयर्न, मावशी."

"गोळीतलं?"

"हो, गोळीतलं. लोह, आयर्न, सगळं एकच. साधं लोखंड हो. आपली विळी असते ना, तेच."

त्यांनी ते सहज म्हटलं. त्यांना विळीचं काही माहीत नव्हतं. राणेबाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे माझ्या सरबतात विळो विरघळलेलो आसा म्हण."

सगळे हसले. मीही हसले असेन. चहाचा ट्रे घेऊन आत आले आणि नळ सोडला.

तिन्ही शब्द मला माहीत होते, निदान दोन तरी. लोखंड म्हणजे विळी, तवा, खिडकीचे गज. आयर्न म्हणजे लाल गोळी. ही दोन एकच आहेत असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं आणि कधी वाटलंही नव्हतं. आता एकदम सगळं एका ओळीत आलं. काळं पडलेलं पातं. निपटून घेतलेला रस. चहाच्या रंगाची राख. पांढऱ्या सुरीचा नियम कशासाठी होता तेही. ईडलिंबात लोखंड नव्हतं. लोखंड माझं होतं.

आणि करुणा आठ दिवस गोळीशिवाय होती.

पहिला फोन तिला केला. म्हणाले, करुणा, गोळी घे.

"आई, तूच बंद केलीस ना?"

"मी चुकले. आत्ता घे, मी फोनवर आहे."

"आणि लिंबू?"

"लिंबात काही नाही गं. लिंबू आहे ते."

पाकीट फोडल्याचा आवाज आला. मग पाण्याचा आवाज आला. मग म्हणाली, घेतली, तू रडतेयस का. मी म्हणाले, नळ चालू आहे.

आता दुसरं काम होतं. माझ्या घरातली एक गोळी बंद झाली होती, ती एका फोनने चालू झाली. पण ते लेबल छापून बाटल्यांवर लागलं तर किती घरांत माझ्यासारख्या आया असतील. त्यांना कोण फोन करणार होतं. गुरुवारी सही होती. छापखाना बोरिवलीला होता आणि राणेबाई म्हणत होत्या की सही झाली की रिक्षाने थेट तिकडेच जाते, दिवाळीच्या आधी मुलुंडला त्यांच्या गटाचं प्रदर्शन होतं.

सरांच्या खोलीत जाऊन सांगायचं एवढंच होतं. मी दोनदा दारापर्यंत गेले. मला माणसांशी बोलताना आधी मनात वाक्य करून घ्यावं लागतं. वाक्य होत होतं, दार आलं की मोडत होतं. सुरी मोडली, लपवली, विळी घेतली, मुलीचं औषध बंद केलं. कुठून सुरू करायचं. आणि हे ऐकून घेतल्यावर ते मला नमुने कापायला देतील का, लॅबमध्ये ठेवतील का. भांडी धुणारी दुसरी बाई मिळायला एक दिवस लागत नाही.

मग मला सुचलं ते हे. बोलता येत नव्हतं, पण राख करता येत होती.

राणेबाईंनी दिलेल्या पिशवीतलं एक ईडलिंबू घेतलं. केक कापायच्या प्लास्टिकच्या सुरीने त्याचे दोन भाग केले. एक भाग त्याच सुरीने चिरला. कुणाच्या तरी वाढदिवसाची ती सुरी फडताळात पडलेली होती. त्या पहिल्या दिवशीही ती तिथेच होती, हे मला आता दिसलं. जाड सालीवर ती करवतीसारखी चालवावी लागली, पण चालली. दुसरा भाग विळीवर चिरला, आधी जसा केला होता अगदी तसा, पात्यावरचा रस निपटून. दोन वाट्या केल्या, भट्टीत लावल्या आणि घरी गेले.

बुधवारी मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. भट्टी थंड झाली होती. डावीकडची वाटी पांढरी. उजवीकडची चहाच्या रंगाची, पहिल्यासारखीच. मला आनंद व्हायला नको होता, पण झाला. मला वाटलं होतं तसंच निघालं होतं.

दोन्ही वाट्या प्राजक्ता मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. मध्ये पिशवीतून काढलेले सुरीचे तुकडे ठेवले. आणि एक चिठ्ठी लिहिली, ती अजून माझ्याकडे आहे. डावी प्लास्टिकने कापली. उजवी विळीवर कापली. आधीची पण विळीवर कापली होती, सुरी माझ्या हातून तुटली. सही करू नका. विमल.

मग भांडी धुवायला गेले.

प्राजक्ता मॅडम आल्या, त्यांनी चिठ्ठी वाचली, दोन्ही वाट्या उजेडात नेऊन पाहिल्या. काचेतून मला दिसत होतं. त्या माझ्याकडे आल्या नाहीत. वाट्या उचलून सरांच्या खोलीत गेल्या. दहा मिनिटांनी मला बोलावलं.

सरांनी चष्मा काढलेला होता. म्हणाले, "सुरी तुटली हे सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"मग आता काय मी हसतोय?"

ते उठले, मला नमुन्याच्या खोलीत घेऊन गेले आणि भिंतीवर लावलेल्या कागदावर बोट ठेवलं. तो कागद तिथे पहिल्यापासून आहे, मी त्याच्यावरची धूळ पुसते. म्हणाले, चौथी ओळ. लोखंडी हत्यार वापरू नये, असं लिहिलंय. इतकी वर्षं लावलंय इथे.

मी म्हणाले, "सर, ते इंग्रजीत आहे."

त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शेवटी म्हणाले, "हो. इंग्रजीत आहे." आणि तो कागद भिंतीवरून काढून घेतला.

प्राजक्ता मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, उद्या माझी सही गेली असती त्यावर. माझी पहिली."

त्या पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. या सगळ्यात मला सर्वांत जास्त ते लागलं, अजूनही आठवलं की लागतं. सर मला काढतील याची भीती होती ती गेली. हे लागलेलं मात्र राहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, तुमची ती दोन वाट्यांची आयडिया मला सुचायला हवी होती, मी त्या रंगीत राखेकडे बघितलंच नाही. मी त्यांच्या डब्यातली भेंडी खाल्ली. तेवढ्यावर मिटलं.

नवी पांढरी सुरी आली आणि पाचही फळं पहिल्यापासून पुन्हा केली. या वेळी प्राजक्ता मॅडमनी मला मशीनजवळ उभं केलं आणि काय चाललंय ते प्रत्येक वेळी सांगितलं. पोटॅशियम पाचांतही चांगलं होतं, कमीजास्त. कॅल्शियम संत्र्यात बरं होतं, पपनसात अगदी थोडं. ईडलिंबू सगळ्यात मधेच कुठेतरी होतं. आणि लोखंड कशातच नव्हतं म्हणावं इतकं थोडं होतं, पाचांतही. माझी मुलगी ज्या लिंबावर आठ दिवस राहिली, त्यात ते नावापुरतंच होतं.

राणेबाईंना बोलावून सांगावं लागलं. ते सांगायला सरांनी मलाही बसवलं. मी मान खाली घालून विळीचं सांगितलं. राणेबाईंनी सगळं ऐकलं, मग कपाळावर हात मारला.

"अगो बाये, मगे मी आता बाटलीर काय लिवू? काय्येक नाय, असा लिवू?"

प्राजक्ता मॅडम म्हणाल्या, तसं नाही. लिंबात लोह नसलं तरी त्याच्या रसात जे क जीवनसत्त्व असतं त्याने गोळीतलं लोह अंगी लागायला मदत होते. गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते, लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर लागू पडते. मी दवाखान्यातल्या सिस्टरला नंतर हे विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं आणि वर म्हणाल्या, मी प्रत्येकीला हेच सांगते, तुमच्या मुलीलाही सांगितलं होतं. करुणा म्हणाली, सांगितलं असेल, मला तेव्हा मळमळत होतं.

राणेबाईंचा जीव जरा भांड्यात पडला. आता ते बाटलीवर कसं लिहायचं यावर बोलणं सुरू झालं. सर म्हणाले, लिहा, लोहाचे प्रमाण नगण्य, तथापि लोहाच्या शोषणास साहाय्यक. प्राजक्ता मॅडमनी ते कागदावर उतरवलं. राणेबाईंनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ह्या माझ्या सुनेक कळूचा नाय, मग गिऱ्हाइकांका काय कळतला. मग त्याचं सोपं करून प्राजक्ता मॅडमनी लिहिलं, यात लोखंड नाही. त्यावर राणेबाई म्हणाल्या, लोक म्हणतील आधी खिळे होते की काय.

मी चहाचे कप गोळा करत होते. लोह हा शब्द घातला की माझ्यासारख्या बायकांना कळणार नाही आणि लोखंड घातला की हसतील, हे मला दिसत होतं. ज्या शब्दाने त्या गोळीला ओळखतात तो तिसराच होता. मनात वाक्य तयार झालं आणि या वेळी दार मधे नव्हतं.

मी म्हणाले, "यानं रक्त वाढत नाही. रक्तवाढीची गोळी बंद करू नका, गोळी या सरबताबरोबर घ्या."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, परत सांगा, विमलबाई. मी परत सांगितलं. प्राजक्ता मॅडमनी लिहून घेतलं. राणेबाई म्हणाल्या, माझ्या सरबतानं रक्त वाढत नाय असा मीच छापू? मग तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, छापतंय. खोट्या छापलेल्यापरास बरा.

प्राजक्ता मॅडमनी नव्या रिपोर्टवर सही केली. आधी कागदावर तीनदा करून बघितली.

प्रदर्शन मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. करुणाला नववा लागला होता. दवाखान्यातल्या तपासणीत तिचं रक्त थोडं वर सरकलं होतं, सिस्टर म्हणाल्या असंच चालू ठेव. चालायला हवं म्हणून तीच माझ्यामागे लागली, आणि रिक्षाने गेलो. राणेबाईंच्या टेबलावर पिवळ्या बाटल्यांची रांग होती. समोर कागदी पेल्यांत चवीपुरतं सरबत ओतून ठेवलं होतं.

आमच्या पुढे एक सासू-सून उभ्या होत्या. सून करुणापेक्षा लहान असेल, तिलाही दिवस गेलेले दिसत होते. तिने बाटली उचलली आणि लेबलावरचं मोठ्याने वाचलं. यानं रक्त वाढत नाही. रक्तवाढीची गोळी बंद करू नका. वाचून ती हसायला लागली.

सासू म्हणाली, "बघ. आता बाटलीपण सांगायला लागली."

"आई, तुम्ही ना."

"सकाळची घेतलीस का?"

"घेतली."

घेतली नव्हती. कुणालाही कळलं असतं. करुणाने मला कोपर मारलं, मी तिच्याकडे पाहिलं नाही. सासू तिथेच उभी राहिली. थोड्या वेळाने त्या मुलीने पर्स उघडली, तळाशी चाचपून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि टेबलावरचा एक कागदी पेला उचलून गोळी गिळली. तोंड वाकडं केलं. राणेबाईंनी दुसरा पेला भरून तिच्यापुढे ठेवला.